गीजच्या कुरणावरची नोकरी

एप्रिल-मेमध्ये आमच्या ऑफिसात येणाऱ्या फोनचे ढोबळ दोन प्रकार असतात. पहिला : "पार्कात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे घाण. या गीजचा काहीतरी बंदोबस्त करा." दुसरा : "एक गूज पिल्लं घेऊन रस्ता ओलांडतेय, गाड्या जोरात येताहेत, लवकर कुणालातरी पाठवा." गंमत म्हणजे दोन्ही फोन कधीकधी एकाच घरातून येतात. सकाळी नवरा करतो, दुपारी बायको.

मी टोरोंटोच्या पश्चिमेकडच्या एका शहराच्या उद्यान खात्यात काम करते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची पदवी घेऊन इथे आले. त्या पदवीला इथे कुणी विचारत नाही हे कळल्यावर हंगामी कामगार म्हणून लागले. गवत कापायचं, कचऱ्याचे डबे रिकामे करायचे, फुलझाडांच्या वाफ्यांत लाकडाचा भुसा पसरायचा. पुढे कायम झाले आणि आता माझ्याकडे तळी आणि त्यांच्या काठची पार्कं आहेत. म्हणजे खरं तर गीज आहेत.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी : कॅनडा गूज (अनेक असले की गीज) म्हणजे लांब काळी मान, हनुवटीखाली पांढरा पट्टा, तपकिरी अंग आणि चार-पाच किलो वजनाचा पक्षी. त्याच्या चालण्यात मालकीहक्क असतो. भारतातून आलेले पाहुणे पहिल्या दिवशी त्याचे फोटो काढतात आणि चौथ्या दिवशी अंगणातल्या नळाखाली बूट धुताना दिसतात. शरद ऋतूत आभाळातून ओरडत जाणाऱ्या त्यांच्या रांगा पाहून इथलेही लोक मान वर करून थांबतात. पण ते थवे उत्तरेकडून येऊन पुढे दक्षिणेला जाणारे. आमचे गीज थंडीत फार कुठे जात नाहीत. पाणी पार गोठलं तर थोडे खाली सरकतात आणि बर्फ वितळायच्या आधीच जागा धरायला हजर होतात.

हे इतके झाले कसे, याचं उत्तर मला नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात गवत कापता कापता मिळालं. गूज गवतावर जगतो, पण रवंथ करणाऱ्या जनावरासारखं त्याला गवतातलं सगळं सत्त्व काढून घेता येत नाही. म्हणून तो कोवळे, नत्र भरलेले शेंडे शोधतो, दिवसभर खातो आणि दिवसभर टाकतो. आता आमचं पार्क बघा. केंटकी ब्लूग्रास नावाचं मऊ गवत, त्याला वेळच्या वेळी खत, दर आठवड्याला कापणी, म्हणजे दर आठवड्याला नवे कोवळे शेंडे. गवत आखूड, त्यामुळे कोल्ह्याच्या जातीचा कायोटी लांबूनच दिसतो. हिरवळ उतरत उतरत थेट पाण्यात जाते, म्हणजे धोका दिसला की चार पावलांत तळ्यात. नव्या वसाहतींत पावसाचं पाणी एकदम नाल्यात जाऊ नये म्हणून तळी खोदावी लागतात, तीही आयती. विद्यापीठात मला कुणी गूजसाठी आदर्श कुरण आखून द्यायला सांगितलं असतं, तर मी नेमकं हेच आखून दिलं असतं.

आमच्या घरची थोडी जमीन उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी आहे. हिवाळ्यात पाणी मागे सरकलं की मोकळ्या झालेल्या गाळात पेरणी होते आणि त्याच सुमारास हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब काठाला उतरतात. रात्री हरभऱ्यात शिरले तर वडील बॅटरी घेऊन हाकलायला जायचे. पुण्या-मुंबईची माणसं त्याच पक्ष्यांसाठी पहाटे भिगवणला येऊन होडीचं भाडं मोजतात. पीक आपलं असलं की पक्षी पाहुणा राहत नाही, हे मी तिथेच शिकले होते. इथे फक्त पीक म्हणजे हिरवळ आणि ती कुणा माणसाच्या पोटात जात नाही.

गीजच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण फोन करणाऱ्यांना ती ठाऊक नसते. ज्या मोठ्या चणीच्या जातीचं रक्त आमच्या शहरी गीजमध्ये आहे, ती एकेकाळी संपली असंच सगळे धरून चालले होते. शिकार आणि पाणथळ जागांचं शेतीत रूपांतर, दोन्हींनी तिचा निकाल लावला होता. १९६२च्या जानेवारीत हॅरल्ड हॅन्सन नावाच्या इलिनॉयच्या जीवशास्त्रज्ञाने मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावी तळ्यावरचे गीज पकडून वजनं केली. तिथल्या वीज केंद्राच्या गरम पाण्यामुळे ते तळं थंडीत गोठत नसे. वजनं इतकी भरली की काट्यात दोष आहे असं वाटून त्यांनी किराणा दुकानातून साखर-पिठाच्या पिशव्या आणून काटा तपासला. काटा बरोबर होता. संपलेली जात जिवंत होती, आणि तीही गावच्या पार्कात. मग अमेरिकेत आणि इकडे ऑन्टारियोतही पाळीव कळपांतून पैदास करून गीज मुद्दाम सोडले गेले. ते काम कौतुकाचं होतं, होतं म्हणजे आजही आहे. पण त्याच दशकांत शहराभोवती मैलोन्‌मैल हिरवळी उगवत होत्या, हा हिशेब कुणी मांडला नव्हता.

आणि कायदा त्यांच्या बाजूने आहे. १९१६ साली अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांचा करार झाला, पुढच्या वर्षी कॅनडाने कायदा केला. टोप्यांवरच्या पिसांसाठी आणि बाजारातल्या मांसासाठी पक्षी बेसुमार मारले जात होते, त्याला आळा घालायचा होता. आमचा गूज बाराही महिने एकाच तळ्यावर राहिला तरी कायद्याच्या लेखी स्थलांतरितच. त्याच्या घरट्याला, अंड्याला केंद्र सरकारच्या परवान्याशिवाय हात लावता येत नाही. आम्ही तो परवाना काढतो.

परवान्यावरचं काम एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. माझा कामावरचा जोडीदार पोर्तुगीज घरातला, निवृत्तीला आलेला माणूस. त्याच्या हातात मोठी छत्री, माझ्या हातात बादली, तेलाचा डबा, पेन्सिल आणि कोपरापर्यंतचे हातमोजे. घरटं कुठेही असतं. विलोच्या बुंध्याशी, दगडांच्या बेचक्यात, मॉलच्या पार्किंगमधल्या हातभर मातीच्या बेटावर, एकदा तर बँकेच्या सपाट छतावर. मादी मान जमिनीला लावून चपटी होते, की दिसूच नये. नर मात्र तळ्यावरून सरळ येतो. मान खाली, चोच उघडी, जीभ बाहेर, आणि टायरमधून हवा सुटावी तसा आवाज. जोडीदार त्याच्या तोंडासमोर फाडकन छत्री उघडतो. गूज पंखाच्या सांध्याने मारतो, आणि तो मार नडगीवर बसला की आठवडाभर लक्षात राहतो.

मादी बाजूला झाली की घरट्यात आधी पिसं दिसतात. स्वतःच्या छातीची उपटलेली राखाडी, बोटांना जाणवणार नाही इतकी हलकी. त्याखाली पाच-सहा मळकट पांढरी अंडी. हातमोजा काढून मी उलटी बोटं अंड्याला लावते. गार असलं तर मादी अजून बसलेली नाही, उबदार असलं तर बसली आहे. मग एकेक अंडं बादलीतल्या पाण्यात. तळाला आडवं पडलं तर ताजं. टोक वर करून उभं राहिलं तर काही दिवसांचं. वर तरंगलं तर आत पिल्लू बरंच घडलेलं आहे, त्याला हात लावायचा नाही, पुसून परत ठेवायचं. बाकीच्यांना सगळीकडून तेल चोळायचं. कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून हवा आत-बाहेर होते, तेलाने ती बुजतात. पेन्सिलने खूण करून अंडी होती तशी मांडायची आणि पिसं वर ओढायची. अंडी उचलून नेली तर मादी नव्याने घालते, जागच्या जागी ठेवली तर बसून राहते. एवढं होईपर्यंत जोडीदार छत्रीमागून नराला "देस्कुल्पा, देस्कुल्पा" म्हणत असतो. माफी मागतोय, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

गूजची पिल्लं साधारण चार आठवड्यांत बाहेर येतात. तेलाच्या घरट्यावरची मादी त्यानंतरही बसते. या काळात ती जेमतेम उठते, जवळजवळ काही खात नाही. कामाचा हा भाग मला आवडत नाही आणि आवडावा असा आग्रहही कुणी धरू नये. सासूबाईंना मी "पक्ष्यांची मोजदाद करते" एवढंच सांगते. खोटं नाही ते, परवान्याखाली प्रत्येक घरट्याची आणि अंड्याची नोंद द्यावीच लागते. शिवाय एवढं करून संख्या घटत नाही, फक्त वाढायची थांबते. गूज वीस-वीस वर्षं जगू शकतो. आज तेल लावलेल्या अंड्यांचा परिणाम दिसायला किती काळ जाईल याचा हिशेब ज्याने-त्याने करावा.

जून उजाडला की दुसरं संकट. या दिवसांत गीज उडण्याची पिसं गाळतात आणि महिना-दीड महिना त्यांना उडता येत नाही. ज्यांना पिल्लं नाहीत त्यांतले बरेच याआधीच उत्तरेला जेम्स उपसागराकडे जातात. पिल्लंवाले मात्र पाण्याकाठी अडकतात. नेमके तेच दिवस सहलींचे, बार्बेक्यूचे आणि क्रिकेटचे. आमच्या भागात क्रिकेट म्हणजे पंजाबी, गुजराती, तामिळ, जमैकन आणि थोडे मराठी. शनिवारी सकाळी लीगची मॅच असते आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी अख्खा कळप आउटफिल्डवर मुक्काम करून गेलेला असतो. कव्हरला डाइव्ह मारलेल्या फिल्डरचा पांढरा पोशाख बघवत नाही. एका कप्तानाने मला तावातावाने विचारलं होतं, "मॅडम, हे मैदान आम्ही बुक केलंय की त्यांनी?"

पळवून लावायचे उपाय सगळे करून झाले. प्लायवुडचा कायोटी काठावर उभा केला. आठवडाभर दबदबा राहिला, मग त्याच्या सावलीत पिल्लं झोपायला लागली. रोज जागा बदलली तर उपयोग होतो, पण रोज जागा बदलायला माणूस कुठून आणायचा? मग बॉर्डर कॉली जातीचा कुत्रा घेऊन एक कंत्राटदार आला. कुत्रं हुशार, चावत नाही, नुसतं डोळे रोखून सरकतं आणि कळप उठतो. उठतो आणि शेजारच्या पार्कात बसतो. तिथून फोन. शिवाय कुत्रा बघून पार्कात येणारी लहान मुलं रडायला लागली, त्यांच्या आयांचे फोन वेगळे. भीक नको पण कुत्रा आवर, ही म्हण मी जोडीदाराला समजावून सांगितली. त्याने ती साहेबांना सांगितली.

पक्ष्यांना खायला घालायला शहराची बंदी आहे, दंडही आहे. पण आमच्या तळ्यांवर सकाळी सहाला कोण असतं? मुलाकडे राहायला आलेली आपल्याकडची म्हातारी माणसं. कुणाच्या पिशवीत बाजरी, कुणाच्या भात. अन्न टाकायचं नाही, आणि पक्ष्यांच्या मुखी घास घालणं पुण्याचं, या दोन्ही गोष्टी त्यांच्या इतक्या अंगात भिनलेल्या, की माझ्या युनिफॉर्मची त्यांना कीवच येत असावी. सांगलीकडच्या एक आजी होत्या. साडीवर मुलाचं जाकीट, पायात बर्फातले बूट, हातात पोळ्यांचा डबा.

"आजी, इथे खायला घालायला मनाई आहे हो."

"अगं, तू मराठी? मग तुला कळेल. शिळी पोळी आहे. ती काय कचऱ्यात टाकू?"

मी सांगितलं की पोळीने त्यांचं पोट भरतं पण पोषण होत नाही, पिल्लांचे पंख वाकडे वाढू शकतात, मग ती जन्मभर उडत नाहीत. उरलेली पोळी पाण्यात कुजते. आणि खायला मिळतं म्हटल्यावर कळप हलतच नाही.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही त्यांची अंडी नासवता ते? पाहिलंय मी तुला, त्या छत्रीवाल्याबरोबर."

"गर्दी कमी झाली की अंड्यांना हात लावायला नको, आजी."

"माझ्या एका पोळीने गर्दी होते?"

"एका नाही. सगळ्यांच्या मिळून होते."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्या तळ्यापासून लांब, बाकावर बसून खारींना पोळी घालत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी हात केला. खार पक्ष्यांत मोडत नाही, आणि आजींना नियमाचं नेमकं शब्दांकन ठाऊक होतं.

सगळे पक्षी गीजइतका वेळ खात नाहीत. बगळे, मॅलार्ड बदकं, रॉबिन यांचा काही त्रास नाही. जूनमध्ये लव्हाळ्यांजवळच्या पायवाटेवर लाल खांद्यांचा काळा ब्लॅकबर्ड जॉगिंग करणाऱ्यांच्या टाळूवर चोच मारतो. तिथे आम्ही पाटी लावतो, पिल्लं उडाली की काढतो. किलडीअर मात्र मला फार जवळचा, कारण तो आपल्या टिटवीच्या कुळातला. घरटं वगैरे काही नाही, पार्किंगच्या खडीत चार अंडी, खडीच्याच रंगाची. जवळ गेलं की एक पंख मोडल्यासारखा फरफटत ओरडत लांब जातो, म्हणजे आपण त्याच्या मागे जावं. आपल्याकडे टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की खोलात, यावरून शेतकरी पावसाचा अंदाज बांधतात. इथे किलडीअरच्या अंड्यांवरून पार्किंगच्या किती जागा बंद ठेवाव्या लागतील याचा अंदाज बांधतात. २०१८ साली ओटावाच्या ब्लूजफेस्ट या मोठ्या संगीत महोत्सवात मुख्य रंगमंचाच्या जागीच किलडीअरने अंडी घातली, तेव्हा केंद्राची परवानगी घेऊन तज्ज्ञांनी ते घरटं थोडं थोडं करत बाजूला सरकवलं आणि मग मंच उभा राहिला. आमच्या बेसबॉल मैदानाच्या पार्किंगमध्ये आम्ही चार शंकू आणि पिवळी फीत लावून भागवतो. एकही तक्रार येत नाही. उलट लोक गाडी लांब लावून मुलांना अंडी दाखवायला आणतात.

हंसांचीही तक्रार येत नाही. ट्रम्पेटर स्वान ऑन्टारियोतून नाहीसे झाले होते, १९८२ पासून हॅरी लम्सडेन यांच्या पुढाकाराने ते परत आणले गेले. पंखावर आकडा लिहिलेली पिवळी चकती असलेला हंस तळ्यावर उतरला की बघ्यांची गर्दी होते. तोही गवत खातो, तोही घाण करतो, गूजच्या दुपटीहून जास्त वजनाचा आहे. पण पांढरा आहे आणि थोडा आहे. मला वाटतं, दोन्हींपैकी दुसरं कारण मोठं.

संख्या वाढली की माणसाच्या मनात काय होतं, हे न्यूयॉर्कने दाखवलंय. १५ जानेवारी २००९ रोजी एका विमानाच्या दोन्ही इंजिनांत गीज शिरले आणि वैमानिक सुलेनबर्गर यांनी ते हडसन नदीवर उतरवलं. १५५ जण होते, सगळे वाचले. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्कच्या पार्कांतले शेकडो गीज, पिसं गाळून जमिनीवर असताना, गोळा करून मारले गेले. इंजिनात सापडलेल्या पिसांची तपासणी स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केली, तर ते पक्षी लॅब्राडोरकडून आलेले, खरोखरचे स्थलांतरित निघाले. पार्कातले नव्हतेच. विमानतळाजवळ गीज नकोत हे मलाही पटतं. पण हा निकाल मी आमच्या मीटिंगमध्ये सांगते तेव्हा कुणी फारसं टिपून घेत नाही.

खरा उपाय सगळ्यांत स्वस्त आहे : काठाचं गवत कापायचं नाही. पाण्यापासून चार-पाच मीटरचा पट्टा तसाच वाढू द्यायचा. त्यात गोल्डनरॉड, मिल्कवीड, ॲस्टर, झुडपी विलो जे येईल ते येऊ द्यायचं. छातीइतकं उंच रान झालं की गूजला पलीकडचं दिसत नाही, पिल्लांना पाण्यात पळायला वाट राहत नाही, मग तो तिथे पिल्लं घेऊन चरायला येत नाही. एका तळ्यावर आम्ही हे केलं. दुसऱ्या उन्हाळ्यातच कळप निम्म्याहून कमी दिसायला लागला, मिल्कवीडवर मोनार्क फुलपाखरं आली, आणि तक्रारी दुप्पट झाल्या. तण माजलंय. उंदीर होतील. गोचीड चावेल. आम्ही कर भरतो आणि तुम्ही गवतही कापत नाही. तळ्याचा देखावा दिसतो म्हणून घर जास्त पैसे देऊन घेतलं, आता लव्हाळी दिसतात. घाणीच्या तक्रारी करणारे आणि रानाच्या तक्रारी करणारे पुष्कळदा तेच होते, नावं मी स्वतः नोंदवत असल्याने सांगू शकते. रहिवाशांच्या मीटिंगमध्ये एक गृहस्थ उठून म्हणाले, "आम्हाला गीजही नकोत आणि जंगलही नको. आम्हाला पार्क हवाय." टाळ्या पडल्या. आपल्याला काय हवंय ते इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. गीज कुठून येतात, हेही त्या वाक्यात सगळं आलं.

वाट निघाली ती एका जुन्या लेखामुळे. जोन नॅसॉअर या अमेरिकी भूरचनाकार बाईंनी १९९५ साली मांडलं होतं, की रानाला लोकांचा विरोध नसतो, दुर्लक्षाला असतो. रान मुद्दाम राखलेलं आहे हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. त्याला नीट कडा द्या, पाटी द्या, कुणीतरी इथे काम करतं हे कळू द्या. साहेबांना खर्च नसलेली गोष्ट पटकन पटते. आम्ही "नैसर्गिक पुनरुज्जीवन क्षेत्र" अशी हिरवी पाटी ठोकली, मोनार्कचं चित्र टाकलं, आणि पायवाटेला लागून रानाच्या कडेने मशिनच्या एका फेरीइतकी, सव्वा-दीड मीटर रुंदीची पट्टी दर आठवड्याला अगदी दोरी लावल्यासारखी कापायला सुरुवात केली. आत तेच तण, तेवढंच उंच. फोन मात्र कमी झाले. देखाव्यावाल्या गृहस्थांनी तर मोनार्कसाठी आणखी मिल्कवीड लावा असं पत्र पाठवलं.

उरलेले गीज आता त्या कापलेल्या पट्टीवर चरतात. पट्टी अरुंद असल्याने एकामागे एक, रांगेत.

"पट्टी अर्ध्या मीटरची करू या का?" मी जोडीदाराला विचारलं.

तो म्हणाला, "तेवढ्या रुंदीचं मशिन आपल्याकडे नाही."